तसं बरं आहे, पण तपासा

टोमॅटोला बाजार असला की जुन्नर-आंबेगावात कोणी आजारी पडत नाही. हे कुठल्या डॉक्टरानं लिहून ठेवलेलं नाही, पण हायवेकडच्या सरकारी रुग्णालयात खिडकीत बसून केसपेपर काढणाऱ्या सुनीलला ते पाठ आहे. भाव पडला की गुडघे, कंबर, छातीतली धडधड सगळं एकदम सुरू होतं. यंदा मे महिन्यात भाव असा काही चढला, की सुनील खिडकीतच डुलक्या काढायला लागला. आणि नेमकं त्याच आठवड्यात जिल्ह्याची समिती ‘घोडनदी हेल्थ सिस्टिम्स’चं काम बघायला येणार असं ठरलं.

घोडनदी हेल्थ सिस्टिम्स म्हणजे नारायणगावात टोमॅटोच्या क्रेटच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि त्यात ऋतिका आणि सूरज. दोघं महाळुंगे पडवळचे, एकाच शाळेतले. सूरज बागायतदाराघरचा, बोलण्यात पटाईत. पुण्यातली नोकरी सोडून आलो, हे तो रोज एकदा तरी सांगायचा. ऋतिकाचे वडील जानकू अजून मेंढरं राखून होते. पोरगी दिवसभर खोलीत बसून काय राखते हे त्यांना नीट कळलं नव्हतं. काही हरवू नये म्हणून सारखी नजर ठेवावी लागते एवढं मात्र कळलं होतं, आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं.

ऋतिकानं केलेला प्रोग्रॅम ह्या रुग्णालयात वर्षभर फुकट चालला होता. समितीला पटला, तर दोन्ही तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांचं काम मिळायची आशा होती. नाही पटला, तर बेंगळुरूची एक मोठी कंपनी टपून बसलेलीच होती. मग क्रेटवाल्याला खोल्या परत द्यायच्या, सूरजनं पुण्याला जायचं आणि ऋतिकानं कुठं जायचं ते कोणी ठरवलेलं नव्हतं. तिची उमेदीची सगळी वर्षं त्या एका प्रोग्रॅममध्ये गेली होती. त्याच्याशिवाय दाखवायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

“ओपीडीत माशा मारतायत,” ऋतिका म्हणाली. “समितीला दाखवायचं काय?”

“पेशंट नाहीत तर आणू,” सूरज म्हणाला.

“कुठून?”

“गावातून. आपलीच माणसं. केसपेपर काढायचा, तक्रार सांगायची, बाहेर पडायचं. तिथूनच ओझरला नेऊ, विघ्नहराचं दर्शन. वर भेळ.”

“अरे, हे खोटं आहे.”

“माणसं खरी आहेत ना?”

दुसरा उपाय ऋतिकालाही दिसत नव्हता, आणि सूरजनं तेवढ्यात दोन जीपगाड्या सांगून टाकल्या.

समितीच्या दिवशी सकाळी भैरवनाथाच्या देवळापुढं माणसं गोळा झाली. यात्रा दुसऱ्या दिवसावर आली होती, सूरजचे वडील हौशीराम नाना यात्रा कमिटीचे अध्यक्ष, त्यामुळे माणसांना तोटा नव्हता. लग्नात आहेर वाटावा तसे ऋतिकानं सगळ्यांना आजार वाटले. कोणाला साखर, कोणाला दमा, कोणाला मुतखडा. सूरजच्या आईला, साळुबाईला, हार्ट दिलं. शेजारच्या सोनीबाईला टीबी. स्वतःच्या आईला, तुकाबाईला, तिनं नुसता ताप दिला, कारण आईला जास्त द्यायला जीभ वळेना. सगळ्यांनी माना डोलावल्या. ऋतिका समाधानानं पुढं निघून गेली.

जीप कळंबच्या पुढं आली आणि आत कुरबुर सुरू झाली. हे सगळं ऋतिकाला नंतर कळलं.

“मला बाई हार्ट दिलंय,” साळुबाई म्हणाल्या. “माझी सासू त्याच्यातच गेली.”

“मला तर टीबी,” सोनीबाई म्हणाली. “अजून नातीचं लगीन व्हायचंय माझ्या. कोन करंल पोरगी?”

“वंगाळ तोंडातनं काढूच नाय,” तुकाबाई म्हणाली. “ऐकनारं कुनी ना कुनी बसलेलंच असतंय. आपुन मस्करीत बोलायचं, आन त्यानं खरं धरायचं.”

ज्यानं त्यानं आपापला आजार मनातल्या मनात चाचपून बघितला आणि कोणालाच तो अंगाला लावून घ्यावासा वाटेना. ड्रायव्हरसुद्धा म्हणाला, “माझ्या गाडीत मुतखडा बोलू नका राव, मागं लई भोगलंय.”

शेवटी मागच्या सीटवरून जानकू म्हणाले, “मंग जुलाब म्हना की. त्याला कोन भेतंय? सकाळी लागत्यात, सांजच्याला ऱ्हात्यात.”

सगळ्यांना ते पटलं. मागच्या जीपलाही फोन करून कळवलं.

रुग्णालयात समितीच्या प्रमुख डॉ. डुंबरे मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या. मूळच्या ओतूरच्या, आता जिल्ह्याला मोठ्या हुद्द्यावर. बोलायच्या कमी आणि बोलल्या की समोरचा माणूस उभा राहायचा, मग तो आधीपासून उभा असला तरी. ऋतिकानं त्यांच्यापुढं मोठा स्क्रीन लावला होता. रांग लागली. सुनीलची झोप उडाली.

“नाव?”

“साळुबाई हौशीराम.”

“तक्रार?”

“जुलाब.”

सुनीलनं टाईप केलं. पुढची आली.

“तक्रार?”

“जुलाबच की, भाऊ.”

तिसऱ्याला जुलाब, चौथ्याला जुलाब. ऋतिका स्क्रीनपासून हलली. खिडकीपाशी जाऊन ती आईच्या कानात म्हणाली, “तुला ताप दिला होता ना?”

“ताप लई डोक्यात जातो,” तुकाबाई कुजबुजली. “ह्ये बरंय. हलकं हाय.”

मॅडम मात्र पसंतीनं मान हलवत होत्या. रांग झरझर सरकत होती, छापील केसपेपर निघत होते, एकाचंही नाव चुकलं नाही. सूरजनं ऋतिकाकडं बघून डोळा मारला. माणसं एका दारानं येत होती आणि दुसऱ्या दारानं थेट जीपमध्ये जाऊन बसत होती. शेवटचा माणूस बसला आणि दोन्ही जीपगाड्या ओझरला निघून गेल्या.

त्यानंतर स्क्रीनवर लाल पट्टा आला. ‘साथीचा इशारा. गाव : महाळुंगे पडवळ. तक्रार : जुलाब.’

“हे काय?” मॅडमनी विचारलं.

सूरज ह्याच प्रश्नाची वर्षभर वाट बघत होता. “मॅडम, हे आमचं खास. एका गावातून एकाच तक्रारीचे जास्त पेशंट आले, की सिस्टिम कोणाला न विचारता जिल्ह्याला कळवते.”

“कळवलं?”

“कळवलं,” सूरज अभिमानानं म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

मॅडमच्या पर्समधला फोन वाजला. त्यांनी तो बघितला. “हो, आलाय मेसेज.” त्या उठल्या. “हे पेशंट कुठं आहेत?”

“ओझरला,” सुनील म्हणाला. गप्प राहायचं असं त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

“ह्या अवस्थेत?”

“भेळ खायला,” सुनील म्हणाला.

सरकारी यंत्रणा हळू चालते असं लोक म्हणतात. ते दरवेळी खरं नसतं. जीपगाड्या ओझरहून गावात परत आल्या तेव्हा आरोग्य खात्याची गाडी देवळापुढं आधीच उभी होती. विहिरीत पावडर पडली होती. आरोग्यसेविका घरोघर मीठ-साखरेची पाकिटं आणि छोट्या प्लॅस्टिकच्या डब्या वाटत होत्या. उद्याच्या यात्रेच्या आमटीसाठी चुलवणावर चढवायच्या मोठाल्या काहिली पालथ्या घालून ठेवायला लावल्या होत्या.

“ही डबी कशाला?” हौशीराम नानांनी विचारलं.

“नमुना द्यायचाय, नाना.”

“कशाचा?”

सेविकेनं हळू आवाजात सांगितलं. नानांनी डबी उलटीपालटी करून बघितली. “तीन वर्ष सरपंच व्हतो मी ह्या गावचा,” ते म्हणाले. “आजवर हे कोणी मागितलं न्हाई माझ्याकडं.”

डुंबरे मॅडम देवळाच्या पायरीवर बसून फोनवर बोलत होत्या. साथ आहे की नाही ते कळेपर्यंत यात्रेचं जेवण बंद, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. देवळामागं पिंपळाखाली ऋतिका आणि सूरज समोरासमोर उभे होते.

“बग होता म्हण,” सूरज म्हणाला. “टेक्निकल एरर.”

“मग प्रोग्रॅम खोटा ठरतो. काम गेलं.”

“मग माणसं खोटी म्हणायची? काम तर जाईलच, वर केस होईल.”

“माणसं खोटीच होती, सूरज.”

“गप्प बसलो तर?”

पलीकडून नानांचा आवाज आला, “अहो मॅडम, आमटी उकळती असती! उकळत्यात कुठला जंतू जगतोय?” आणि पाठोपाठ सोनीबाईचा, “मला जुलाब न्हाईत ओ! देवाशप्पथ न्हाईत!” आणि सेविकेचा शांत आवाज, “सगळे असंच म्हणतात, आजी.”

ऋतिका चालत पुढं गेली. सूरजनं तिची ओढणी धरायचा प्रयत्न केला, पण हाती लागली नाही.

“मॅडम,” ती म्हणाली, “ह्यातलं कोणी आजारी नाही. टोमॅटोला भाव आलाय म्हणून ओपीडी रिकामी होती. ही माणसं आम्ही आणली. प्रोग्रॅम बरोबर आहे. आम्ही चुकलो.”

मॅडमनी फोन मांडीवर ठेवला. देवळापुढची सगळी माणसं हातातल्या डब्यांसकट जवळ सरकली.

“म्हणजे तुमचं मशीन खऱ्यालाही खरं म्हणतं आणि खोट्यालाही.”

“जे सांगितलं ते मानतं, मॅडम.”

“सरकारी कामात हे धोक्याचं आहे.” त्यांनी फोनवरचा तो इशारा परत उघडला. “मागच्या पावसाळ्यात एका गावची साथ मला पेपरात वाचून कळली. तुमची साथ चहा यायच्या आत कळली. खोटी होती, पण वेळेवर होती.”

ऋतिकाला हे कौतुक आहे की दम, ते कळेना.

“एक करा,” मॅडम म्हणाल्या. “पहिलाच प्रश्न घाला, ‘आपण खरोखर आजारी आहात का?’ नाही म्हणाला, तर केसपेपर निघता कामा नये. पावसाळा संपेपर्यंत बघते. मग शिफारस करायची का ते ठरवीन.” त्या उठल्या आणि जाता जाता नानांना म्हणाल्या, “लावा काहिली. आणि डब्या परत करा, रिकाम्या.”

सूरजनं तिथल्या तिथं भैरवनाथाला नारळ फोडला.

ऋतिकानं प्रश्न घातला. होय आणि नाही असे दोन पर्याय. नाही म्हटलं की स्क्रीनवर यायचं, ‘धन्यवाद. केसपेपरची आवश्यकता नाही.’ आणि मग एक चमत्कार झाला. आषाढ उजाडला, टोमॅटोचा भावही पडला, म्हणजे सुनीलच्या हिशेबानं खिडकी ओसंडायला हवी होती. पण पेशंट निम्म्यावर आले. जिल्ह्याच्या बैठकीत ह्या रुग्णालयाचा तक्ता पडद्यावर दाखवला. आरोग्य सुधारलं म्हणून साहेबलोकांनी डुंबरे मॅडमचं अभिनंदन केलं, आणि हे कसं झालं ते इतर तालुक्यांनी जाऊन बघावं असं ठरलं.

“टेंडर खिशात आहे आपल्या,” सूरज म्हणाला. “बेंगळुरूवाल्यांना म्हणावं, बसा. रोगी कमी करणारं सॉफ्टवेअर दाखवा म्हणावं एक तरी.”

ऋतिकाला मात्र ते आकडे बघून झोप येईना. आपल्या प्रोग्रॅमनं कोणाचं दुखणं बरं केल्याचं तिला आठवत नव्हतं. एके दिवशी कोणाला न सांगता ती रुग्णालयात गेली.

खिडकीपुढं रांग नव्हती. बाहेर पोर्चमधल्या बाकांवर मात्र बसायला जागा नव्हती. एकाचा हात फडक्यानं गळ्यात बांधलेला. एका बाईच्या मांडीवर तापानं लाल झालेलं लेकरू. आणि कडेला, भिंतीला डोकं टेकून, तुकाबाई.

“आई? तू इथं काय करतेस?”

“आलेवते दाखवाया. लई दिस झाले, चक्कर येतीया. पानी पिऊन पिऊन बी तहान जाईना.”

“मग दाखवलं का नाहीस?”

“दाखवलं असतं की. पर त्या सुनीलनं इचारलं, खरंच आजारी हाय का. असं, सरळ तोंडावर. म्या काय म्हनू? म्हनलं, नाय बाबा, देवाच्या दयेनं काय बी न्हाई. तर म्हनला, मंग जावा, मशीन नगं म्हनतंय.”

“मग घरी का नाही गेलीस?”

तुकाबाईनं लेकीकडं जरा कीव आल्यासारखं बघितलं. “आजारी मानूस कसं जानार गं एवढ्या लांब?”

गळ्यात हात बांधलेला माणूस पुढं झुकला. “मला बी काय झालं न्हाई, ताई,” तो म्हणाला. “कालपास्नं बसलोय.”

ऋतिका खिडकीशी गेली. सुनील पेपर वाचत होता.

“तुला दिसत नव्हतं का हे?”

“दिसतंय की,” सुनील म्हणाला. “पण ताई, प्रश्न तुमी घातलाय. मी नुसतं दाबतो.”

तिनं आईला हाताला धरून आत नेलं आणि ‘होय’ स्वतः दाबलं. रक्त तपासून झालं. तुकाबाईची साखर इतकी वाढलेली होती, की सिस्टरनं तो आकडा तोंडानं बोलून न दाखवता नुसता लिहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. पोर्चमधली बाकीची माणसंही ऋतिकानं एकेक करून आत घेतली. कोणालाच तिनं काही विचारलं नाही.

संध्याकाळी क्रेटच्या दुकानावर भांडण झालं.

“प्रश्नाला हात लावू नकोस,” सूरज म्हणाला. “मॅडमनी स्वतः घालायला लावलाय. त्या ‘नाही’वरच आपण जिंकतोय.”

“माझी आई बाहेर बसली होती.”

“काकूंना सांग ना मग, होय म्हणायचं. एवढं काय त्यात?”

“तुझ्या आईला विचार.”

सूरजनं चिडून घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. “आई, तुझी छातीत जळजळ होते म्हणत होतीस, ती दाखवलीस का दवाखान्यात?”

“गेलेवते की मंगळवारी,” साळुबाई म्हणाल्या. “इचारलं त्यांनी, आजारी हाये का. म्हनलं, मला कशाला काय हुतंय? आले परत.”

“आणि जळजळ?”

“ती हायेच.”

सूरज फोन ठेवून खिडकीशी गेला. खाली क्रेट चढवायचं काम चाललं होतं.

“आकडे वाढतील पेशंटचे,” तो शेवटी म्हणाला.

“वाढतील.”

“मॅडम चिडतील.”

“चिडतील.”

“घाल मग काय घालायचंय ते,” तो म्हणाला, आणि चपला घालून साळुबाईंना दवाखान्यात न्यायला निघाला.

ऋतिकानं प्रश्न तसाच ठेवला. मॅडमनी सांगितला होता, तो काढायचा तिला अधिकार नव्हता. ‘होय’ आणि ‘नाही’च्या खाली तिनं फक्त तिसरा पर्याय घातला. तो दाबला की केसपेपर निघायचा. शब्द तिनं फार शोधले नाहीत. रोज कानावर पडणारेच होते. ‘तसं बरं आहे, पण तपासा.’

दुसऱ्या दिवसापासून ‘होय’ कोणी म्हटलं नाही आणि ‘नाही’ही नाही. खिडकी ओसंडली. सुनील म्हणाला, आता कुठं पावसाळा आल्यासारखं वाटतंय.

गणपती बसायच्या आधी डुंबरे मॅडम आल्या. न कळवता आल्या. पोर्चमध्ये उभं राहूनच त्यांनी ऋतिकाला बोलावून घेतलं. तुकाबाई त्या दिवशी साखरेच्या गोळ्या न्यायला आली होती. ती बाकावरून हे सगळं बघत होती.

“पेशंट दुपटीनं कसे वाढले?” मॅडमनी विचारलं. “मला वर उत्तर द्यायचंय.”

“वाढले नाहीत, मॅडम. तेवढेच होते. बाहेर बसलेले होते.”

“मी दोन पर्याय सांगितले होते.”

“हो, मॅडम.”

“हा तिसरा कोणाला विचारून घातला?”

“कोणाला नाही.”

मॅडम खिडकीशी गेल्या. “माझं नाव टाका,” त्या सुनीलला म्हणाल्या. “बघू दे मला, काय करता ते.”

सुनीलनं नाव टाकलं, गाव ओतूर टाकलं, आणि सगळ्यांना विचारतो त्याच आवाजात विचारलं, “आपण खरोखर आजारी आहात का?”

“मी? मला काय झालंय?” मॅडम म्हणाल्या. मग त्यांचा हात आपोआप मानेकडं गेला. “तसं काही नाही. जिन्यानं चढताना जरा... पण ते सगळ्यांनाच होतं.”

सुनीलनं तिसरा दाबला. कुठला दाबू ते त्यानं विचारलंही नाही. केसपेपर निघाला.

आत सिस्टरनं बीपीचा पट्टा बांधला, बघितलं, काढला, दुसऱ्या हाताला बांधला आणि परत बघितलं. मग ती डॉक्टरांना बोलवायला गेली. मॅडम बराच वेळ आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं. ते त्यांनी पर्सच्या तळाशी ठेवलं आणि वर रुमाल ठेवला.

“शिफारस मी आज करते आहे,” त्या ऋतिकाला म्हणाल्या. “दोन्ही तालुक्यांसाठी, तुमच्या नावानं. माझी शिफारस सहसा वर अडत नाही. आणि तो तिसरा पर्याय काढू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.” गाडीत बसताना त्यांनी काच खाली केली. “माझ्या नावावर काय दाबलं ते तक्त्यात येतं का?”

“येतं, मॅडम. नुसता आकडा येतो.”

“मग येऊ दे.”

गाडी हायवेला लागेपर्यंत ऋतिका तिथंच उभी होती. तिचा फोन वाजला. सूरज होता.

“काय झालं? मिळालं ना? बोल की!”

ऋतिकानं तोंड उघडलं. ‘मिळालं’ हा शब्द अगदी ओठावर आला होता. पोर्चमध्ये माणसं बसली होती, सुनील खिडकीतून बघत होता, आणि वर ऐकणारं आणखी कोण बसलेलं असेल ते काय सांगावं.

“बघू,” ती म्हणाली. “अजून तसं काही नाही.” आणि फोन ठेवला.

तुकाबाई बाकावरून उठली. तिनं कमरेची पिशवी सोडली, पुडीतला भंडारा चिमटीत घेतला आणि पोरीच्या कपाळाला लावला. बोटाला उरलेला तिच्या काखेतल्या लॅपटॉपच्या झाकणावर पुसला.